कढीपत्त्याचा हिशेब

भांडुपच्या पूर्वेला, हायवे ओलांडला की
शहर एकदम बसकं होतं.
पुढे नुसतं पांढरं. मार्चनंतर तर असं
की कपाळावर हात आडवा धरल्याशिवाय
समोरच्याशी बोलता येत नाही.
इथे काही उगवत नाही, हे सासऱ्यांनी
लग्नाआधीच सांगून टाकलं होतं,
मुलाला एका कानाने कमी येतं, हे सांगावं तसं.

मी माती विकत आणली.
रिक्षावाला म्हणाला, गोणीचं सीट वेगळं.
रंगाच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली,
एकात कढीपत्ता, एकात लिंबू,
फुटक्या बादलीत सदाफुली.
रुईला काही द्यावं लागलं नाही.
ती आगराच्या बांधावर आधीपासून उभी होती,
लीज कुणाची, हे न विचारता.

नाक्यावरचा नळ पहाटे साडेचारला, वीस मिनिटं.
आधी पिण्याचं, मग अंघोळीचं,
तांदळाचं धुवण डब्यांना.

पहिलं आलं ते मला कळलंच नाही.
कढीपत्त्यावर चिमणी शिटली म्हणून
ओलं फडकं घेऊन गेले,
तर शीट चालू लागली.

शकीलाबी म्हणाली, तंबाखूचं पाणी मार.
तिचा सुफियान म्हणाला, नको मावशी,
मोठं झालं की हिरवं होतं, मग बघ.
झालं हिरवं. बोट लावलं तर डोक्यातून
लाल शिंगं काढली आणि सडक्या लिंबाचा वास सोडला.
एवढासा जीव, पण घर आपलं असल्यासारखा रागावला.

त्या महिन्यात आमच्या आमटीत कढीपत्ता नव्हता.
हरेश्वरने दोन दिवस वाट पाहून विचारलं.
म्हटलं, भाडेकरू ठेवलेत.

एका सकाळी तो डब्यावरून उतरला,
भिंत चढला आणि विजेच्या मीटरखाली
एका धाग्यात मागे रेलून राहिला,
खांबावरचा लाइनमन पट्ट्यात रेलतो तसा.
कोष सुकल्या पानाच्या रंगाचा.
मीटर बघायला माणूस आला तेव्हा मी बॅटरी धरली,
म्हटलं, आकडा वाचा, हात लावू नका.
त्याने एकदा मीटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि खरंच हात मागे बांधून आकडा वाचला.

दहा दिवस. बारा दिवस.
सुफियान शाळेत जाताना बघायचा, येताना बघायचा.
तेराव्या दिवशी कोषाला टाचणीएवढं भोक पडलं
आणि आतून बारीक माश्या निघाल्या,
एक, दोन, मग मोजता येईनात.
हिरवट, चकचकीत. पंख वाळवून निघून गेल्या.
फुलपाखरू त्यांनी आतल्या आतच संपवलं होतं.

सुफियान रडला नाही. चप्पल उचलली होती त्याने,
मग खाली ठेवली.
मावशी, म्हणाला, ह्यांना काय म्हणतात?
मला माहीत नव्हतं.

माझ्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा असतात,
नागा असेल तिथे फुली.
त्याच चौकोनात मी आता 'फु' लिहिते पेन्सिलीने.
त्या दिवशी काय लिहावं, सुचेना.
दूध तर आलं होतं.

पुढे बाकीचे निघाले. चारातले दोन.
काळे, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ,
कपडा उसवू नये म्हणून घातलेल्या टाक्यांसारखी.
मला वाटायचं, सदाफुलीसाठी थांबतील.
एकाने तिच्याकडे पाहिलंदेखील नाही.
हरेश्वर मिठाच्या राशीवर ताडपत्री ओढून आला होता,
गंजी पिळून दोरीवर टाकलेली.
ते गंजीवर बसलं.
काखेखाली, जिथे घामाची पांढरी रेघ उमटते तिथे,
सोंड उलगडून बराच वेळ पीत राहिलं.

हरेश्वर दारात उघडाच उभा.
म्हणाला, सगळं आगर पडलंय समोर,
आणि ह्याला माझंच मीठ पाहिजे?

चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन मी म्हटलं, हळू बोल.
गंजी संध्याकाळपर्यंत धुतली नाही.